उघाडीवरची बाई

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझी एकही गोष्ट छापून आली नव्हती. आज मला भुताच्या गोष्टी लिहिणारी बाई म्हणून लोक ओळखतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा काढून धोतराच्या टोकाला बराच वेळ पुसत बसला असतात आणि मग बोर्लीच्या बाजारात वांगी काय भावानं मिळाली ते आईला सांगायला लागला असतात. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन. मी उरणला असते. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आलेल्या-गेलेल्या मालाचे कागद करते. दिवसभर खिडकीबाहेर ट्रेलर मागे-पुढे होत असतात आणि टेबलावरचा चहा हलत असतो. दुपारी डबा खाऊन झाला की उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत मी मोबाइलवर लिहिते. लोकांना वाटतं, असल्या गोष्टी लिहिणारी बाई दिवा मालवून, खिडकी उघडी टाकून लिहीत असेल. मला अंधारात एक ओळ सुचत नाही. भेंडीची भाजी आणि पोळी खाल्ल्यावर, पंख्याखाली, शेजारची मुलगी फोनवर नवऱ्याशी भांडत असताना मला भुतं सुचतात.

याला कारण तुम्हीच, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. रविवारी तुम्ही बोर्लीला जायचात आणि रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक आणायचात. घरी आल्यावर आधी अनुक्रमणिका बघायची, भुताखेताची गोष्ट कुठल्या पानावर आहे ते शोधायचं, तिथं शाळेची लाकडी पट्टी ठेवायची आणि पानं सरळ रेषेत फाडायची. मग अंक माझ्या हातात. फाडलेली पानं चुलीत जायची. आपण देव सोडले, देवांबरोबर भुतंही सोडली, असं तुम्ही म्हणायचात. ते वस्तीतल्या प्रत्येकाला सांगायचात, कुणाच्या पोराला ताप आला आणि कुणी अंगारा आणायला निघालं की स्वतः त्या पोराला घेऊन दवाखान्यात जायचात. पण अनुक्रमणिकेचं पान तुम्ही कधी फाडलं नाहीत. तिथं गोष्टीचं नाव राहायचं आणि आत पानांच्या जागी बोटभर रुंदीच्या पट्ट्या. मी ते नाव वाचायची आणि त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत आत काय असेल ते रचत बसायची. माझ्या पहिल्या पंचवीस-तीस गोष्टी तशाच झाल्या. पुढं मोठेपणी त्यातल्या दोन-तीन मूळ गोष्टी मिळवून वाचल्या. माझ्याच जास्त भीतिदायक होत्या.

आपल्या गावात मात्र एक गोष्ट होती जी पट्टी लावून फाडता येत नव्हती. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांब बांध, आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायला त्या बांधाला ठेवलेलं दार, ती उघाडी. भरतीला दारात वरून फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या. त्या उघाडीत एक बाई आहे, असं गावातली सगळी पोरं सांगायची. वरच्या आळीतली सांगायची, आपल्या वस्तीतली सांगायची. मोठ्या भरतीला ती खाडीच्या बाजूनं फळीवर थापा मारते आणि म्हणते, फळी उचला गं, फळी उचला. जो उचलेल त्याला ती पाण्यात ओढते. मी नऊ वर्षांची असेन. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती आणि पडवीत पाच-सात मुली माझ्याभोवती बसल्या होत्या. मी गोष्ट सांगत होते. मला ती इतरांपेक्षा चांगली सांगता यायची, कारण मी तो आवाज काढायची. नाकातून, ओला, लांबवलेला. मी जमिनीवर तळहात आपटून म्हणते आहे, फळी उचला गं, आणि मुली एकमेकींना बिलगताहेत, आणि तुम्ही वर्गातून हजेरीचं पुस्तक हातात घेऊन बाहेर येताय. तुम्ही काही विचारलं नाहीत. सरळ येऊन माझ्या कानाखाली मारलीत. तुम्ही मास्तर असून शाळेत कुणाच्याच अंगाला हात लावत नव्हतात, घरी तर कधीच नाही. मला लागण्यापेक्षा नवल जास्त वाटलं. मुली पळून गेल्या. तुम्ही हजेरीचं पुस्तक घेऊन वर्गात परत गेलात.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं असावं, कारण तिनं माझ्या गालाकडे पाहिलं आणि मला परातीजवळ बसवून घेतलं. तुम्ही जेवायला बसलात, अर्धी भाकरी खाल्लीत आणि हात धुतलात. दुसऱ्या दिवशी रविवार असून तुम्ही बाजाराला गेला नाहीत. भर दुपारी मला म्हणालात, चल. मी तुमच्यामागून बांधावरून चालत गेले. उघाडीच्या दगडावर तुम्ही मला बसवलंत, शेजारी बसलात, खिशातून चणे काढून माझ्या ओंजळीत ओतलेत. भरती लागत होती. चिखलात खेकड्यांची बिळं एकेक करून पाण्याखाली जात होती. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, कोण दिसलं का. मी म्हटलं, नाही. कोणी बोललं का. नाही. "मग पुन्हा तो आवाज काढायचा नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. मी चणे संपवून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही पाण्याकडेच बघत होता. मला वाटलं, मास्तरांनी आपल्याला धडा शिकवला. पुढं कित्येक वर्षं मी तो प्रसंग अभिमानानं सांगायची, की माझ्या वडिलांनी माझी भीती अशी घालवली.

तुमच्यानंतर सहा वर्षांनी माझी पहिली गोष्ट एका दिवाळी अंकात आली, शेवटून दुसरी, केसतेलाच्या जाहिरातीच्या आधी. मग मोबाइलवर भागाभागानं गोष्टी वाचायची सोय आली आणि तिथं माझे वाचक वाढत गेले. तिथंच आमचा भयकथा लिहिणाऱ्यांचा ग्रुप जमला. आप्पा, तुम्हाला ती माणसं आवडली असती. त्यातल्या एक बाई औषधाचं दुकान चालवतात. ग्रुप बांधून ठेवलाय तो एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांनी नोकरीत असताना, गाडी डेपोत लागलेली असताना, स्वस्तातल्या भयकथांची पुस्तकं लिहिली. त्यांच्या घरी आता त्यातलं एकही नाही. वर्षातून एकदा आम्ही काशीदला एका घरगुती खानावळीत दोन दिवस जमतो, सुरूच्या झाडांखाली बसून एकमेकांच्या गोष्टी वाचतो, मासे खातो आणि खूप हसतो. इतकी हसरी माणसं मी दुसऱ्या कुठल्या साहित्यिक कार्यक्रमात पाहिली नाहीत. तिथं आम्हाला बोलावतही नाहीत म्हणा. आमचं लिहिणं साहित्यात मोजत नाहीत, याचं प्रत्येकाला थोडं दुःख आहे आणि ते आम्ही दुपारच्या जेवणाआधी बोलून संपवतो. नवीन कुणी आलं की काका त्याला एक नियम सांगतात. भुताला कारण पाहिजे. ते का आलं, त्यानं काय केलं होतं, त्याचं काय राहून गेलं, हे ठरवल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही.

त्या नियमानं मी उघाडीवरच्या बाईची गोष्ट लिहिली. तुमच्या थपडेला तीसहून जास्त वर्षं झाली होती, तुम्ही नव्हता, आणि ती गोष्ट मला वापरता येईल असं वाटलं. गावाचं नाव घातलं नाही. फळ्या, थापा, तो आवाज, सगळं जसंच्या तसं ठेवलं. फक्त कारण नव्हतं. गावातलं कुणीच कधी सांगत नसे, की ती बाई कोण होती आणि तिथं का होती. म्हणून कारण मी दिलं. मी लिहिलं, की तिनं स्वतःचं तान्हं मूल त्या उघाडीत बुडवलं होतं आणि त्या पापामुळं ती तिथं अडकली. तो भाग लिहिताना मला स्वतःला शहारा आला आणि मी खूष झाले. गोष्ट चालली, खूप चालली. मग मुंबईच्या एका कंपनीनं ती ऐकायची गोष्ट म्हणून आवाजात केली. ज्या अभिनेत्रीनं त्या बाईचा आवाज दिला तिला मी फोनवर स्वतः तो आवाज काढून दाखवला. नाकातून, ओला, लांबवलेला. ते तीन शब्द पोरांनी उचलले. जिना चढताना, लिफ्ट अडकल्यावर, आई दार उघडत नाही तेव्हा, पोरं त्या आवाजात 'फळी उचला गं' म्हणून व्हिडिओ करायला लागली. आमच्या ऑफिसात शिपायाच्या फोनची रिंगसुद्धा तीच. काकांनी ग्रुपवर लिहिलं, आपल्यातल्या एकीचं भूत घरोघरी गेलं. मी तो मेसेज जपून ठेवला होता.

आत्याचा फोन आला तेव्हा मी यार्डातच होते. तुमची बहीण, आता ब्याऐंशी वर्षांची, वस्तीतल्या जुन्या घरात सुनेबरोबर राहते. ती स्वतःहून फोन करत नाही. तिच्या नातीनं कौतुकानं माझी गोष्ट मोबाइलवर मोठ्यानं लावली होती. आत्या फक्त म्हणाली, "तू ये." मला वाटलं, आजारी आहे. पुढच्याच रविवारी पहाटेची गाडी पकडून निघाले, दोन गाड्या बदलून साडेदहाला पोचले. ती पडवीत सुपात सुकट निवडत बसली होती. तिनं सुनेला आणि नातीला विहिरीवर पाठवलं, मला समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ही गोष्ट तुला कुणी सांगितली. मी म्हटलं, गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे, लहानपणापासून ऐकतेय.

"आनि पोर बुडवलं, ते?"

"ते मी घातलं, आत्या."

"का?"

मी तिला काकांचा नियम समजावून सांगायला लागले, की भुताला कारण लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला पटत नाही. ती ऐकत होती. सुकटीतले खडे बाजूला टाकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. "तिला पोर न्हवतं," ती म्हणाली. "लगीन पन न्हवतं. सतरा वर्साची व्हती. माझी मोठी बहीन ती. तुज्या बापाची पन."

आप्पा, तुम्हाला दोन बहिणी होत्या हे मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं. बाकीचं आत्यानं तुटक तुटक सांगितलं, मध्ये दोनदा उठून चुलीवरचं बघून आली. बौद्ध दीक्षा घेऊन दुसरंच वर्ष होतं. वरच्या आळीत त्याचा राग होता, पण बांधाचं काम चुकत नव्हतं, उधाणाच्या दिवसांत वस्तीतल्या प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा. त्या दिवशी आजोबा तापानं पडले होते. तुम्ही अकरा वर्षांचे, पाटी-दप्तर ठेवून बांधावर जायला निघाला होतात. थोरलीनं तुमच्या हातातली मातीची टोपली काढून घेतली आणि म्हणाली, तू शाळेत जा, मी जाते. उघाडीच्या दारात झाडाचा ओंडका अडकला होता, फळ्या बसत नव्हत्या. कुणीतरी खाडीच्या बाजूनं खाली उतरून तो काढायला हवा होता. ती उतरली. मधली, म्हणजे ही आत्या, तिच्या मागोमाग गेली होती आणि बांधावर माती वाहत होती, तिनं वरून सगळं पाहिलं. ओंडका सुटला तेव्हा पाणी चढलं होतं आणि थोरलीचा पाय चिखलात मांडीपर्यंत रुतला होता. वर उभे होते त्यांनी फळ्या टाकल्या. आतलं भात पोटरीला, कणसं बाहेर पडायच्या बेताला आलं होतं, खारं पाणी शिरलं असतं तर वर्षाचं पीक गेलं असतं. ती बाहेरून फळीवर हात मारत होती. फळी उचला म्हणत होती. वरच्या माणसांनी फळी धरून ठेवली आणि आत्याला दोघांनी धरून ठेवलं. संध्याकाळी ओहोटीला फळ्या काढल्या. तुम्ही शाळेतून येऊन बांधावर उभे होता.

चौकशी झाली नाही. पाय घसरून पडली, असं सांगितलं गेलं. मग कधीतरी उघाडीत बाई दिसायला लागली. आत्या म्हणाली, आजीनं ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सांगणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, काही बोलली नाही, उन्हं उतरेपर्यंत उभी राहिली आणि परत आली. घरात थोरलीचं नाव बंद झालं. तुम्ही मात्र एकदाही शाळा चुकवली नाहीत, आणि मास्तर झाल्यावर दुसऱ्या कुणालाही चुकवू दिली नाहीत. घरोघर जाऊन पोरांना उचलून आणायचात, त्यावर लोक हसायचे, मीही हसायची. परतीच्या गाडीत मला हे सगळं एकदम कळलं असं नाही. आधी फक्त गाल गरम झाला, त्याच जागी. पडवीत बसलेली तुमची नऊ वर्षांची मुलगी तुमच्या बहिणीचे शेवटचे शब्द नाकातून काढून मैत्रिणींना घाबरवत होती, आणि तुम्ही हातात हजेरी घेऊन दारात उभे होतात. दुसऱ्या दिवशी मला उघाडीवर नेलंत तो धडा नव्हता. तुम्ही तिच्याजवळ बसायला गेला होतात आणि मला बरोबर घेतलंत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा म्हणते. मग वाटतं, कुठून सुरुवात केली असतीत. "तू शाळेत जा" या वाक्यापासून करावी लागली असती.

मी त्या कंपनीतल्या मुलीला फोन केला. चांगली मुलगी आहे, तिनं सगळं ऐकून घेतलं, रडलीसुद्धा, आणि म्हणाली की निर्णय तिच्या हातात नाही. त्या वर्गवारीत ती गोष्ट सर्वांत जास्त ऐकली जात होती आणि वरून पुढचा सीझन मागत होते. दोन महिने मी रोज दुपारी लिहायच्या वेळेत त्यांना पत्रं लिहिली. शेवटी त्यांनी ती गोष्ट काढून टाकली. पण लोकांच्या फोनमधून तो आवाज कोण काढणार. लिफ्टमधली पोरं अजून तसं म्हणतात. मी प्रत्येकाला थांबवून सांगू शकत नाही, की ही माझी आत्या आहे. शिपायाला सांगितलं. त्यानं त्याच क्षणी रिंग बदलली आणि आठवडाभर माझ्याशी नीट बोलू शकला नाही.

त्या वर्षी काशीदला गेले ती ग्रुप सोडायचं ठरवूनच. सकाळी नाश्त्याला सगळे असताना सांगून टाकलं. एक जण म्हणाला, गोष्ट ती गोष्ट, तिचा खऱ्याशी काय संबंध, असं धरलं तर आपण काहीच लिहू शकणार नाही. त्याचं चुकत नव्हतं. मग औषधाच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, मी बाळंतपणात मेलेल्या बायकांची भुतं लिहिते, आणि माझ्या दुकानात रक्तवाढीच्या गोळ्या उधार मागायला येतात त्या बायकांच्या सासवांना मी नावानं ओळखते. आम्ही मोजत गेलो. विहिरीतली, वडावरची, जळालेली, रस्त्यावर पांढऱ्या साडीत उभी राहणारी. प्रत्येकीला कुणीतरी काहीतरी केलेलं असणार आणि आम्ही प्रत्येकीला उलट तिचंच पाप देऊन बसलो होतो. काकांनी बशीतलं घावन तसंच ठेवलं होतं. "मी चाळीस तरी हडळी लिहिल्या असतील," ते म्हणाले. "एकीला विचारलं नाही, बाई तू कोण." मी ग्रुप सोडला नाही. काकांचा नियम तसाच आहे, फक्त ते आता नवीन माणसाला सांगतात, की कारण आधी भुताचं शोधू नका, भुताची गोष्ट पहिल्यांदा ज्यानं सांगितली त्याचं शोधा.

मग मी खरं ते लिहिलं. सरळ, साधं, शहारे न आणता. टाकायच्या आधी गावी गेले आणि आत्याला वाचून दाखवलं. संपल्यावर ती म्हणाली, "बराबर हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पन ती लय हसायची. ते लिवलंस न्हाय." मी विचारलं, कशी हसायची. आत्याला सांगता येईना. ती आठवत राहिली आणि आठवता आठवता तिलाच हसू यायला लागलं. थोरली भाकरी थापताना तुमची नक्कल करायची म्हणे, तुम्ही पाढे म्हणताना सत्तावीसच्या पाढ्यात अडकायचात तशी. देवळापुढून जाताना वरच्या आळीतला कुणी काही बोलला की तिला राग यायच्या ऐवजी हसू फुटायचं आणि मार खायची वेळ यायची. त्या सकाळी टोपली घेऊन जाताना ती तुम्हाला म्हणाली होती, सत्तावीसचा पाढा येत नसेल तर घरी येऊ नको. मी मेलेल्या बाईची गोष्ट दोनदा लिहिली होती आणि दोन्ही वेळा तिला फक्त मरताना पाहिलं होतं. तिथंच पडवीत बसून मी तो परिच्छेद वाढवला. आत्या सांगत गेली, मी अंगठ्यानं लिहीत गेले. तिला माझं लिहिणं असं पाहून गंमत वाटत होती.

वाचकांना फारसं आवडलं नाही. भीती कुठाय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कुणी लिहिलं, पहिली गोष्ट भारी होती, ही निबंध वाटते. थोड्या लोकांनी आपापल्या गावच्या उघाड्या, विहिरी, वळणं कळवली, त्या बायका कोण होत्या ते आता विचारायला जातो म्हणाले. आणि एक फोन आला. वरच्या आळीतला माणूस, साठीतला, आता पनवेलला असतो. गावाचं नाव नसूनही त्यानं ओळखलं होतं. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. फळी धरून ठेवणाऱ्यांत त्याचे आजोबा होते. म्हातारपणी भरतीची वेळ झाली की ते दोन्ही कानांवर हात ठेवून बसायचे, घरातल्यांना वाटायचं कान दुखतात. ते मेले तेव्हाही हात तसेच होते. तो माफी मागत होता की नुसतं सांगत होता, ते मला कळलं नाही. मी ऐकून घेतलं आणि ठेवताना त्याला आत्याचा नंबर द्यावा का असा विचार करून दिला नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, आता काय करू त्याच्या बोलन्याचं. पण दुसऱ्या दिवशी तिनं नातीकडून मला फोन लावून घेतला आणि विचारलं, तो म्हातारा किती वर्षं तसा बसत होता.

तुम्ही म्हणायचात, भूत नसतं. मी तुमच्याच बाजूची आहे, आप्पा. इतकी वर्षं भुतं लिहून मला एकही दिसलं नाही. पण त्या म्हाताऱ्याला जे ऐकू येत होतं त्याला काय म्हणायचं, ते मला तुम्हाला विचारायचं होतं. मी अजून भयकथाच लिहिते. सोडून दिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं का, हेही माहीत नाही. आत्या मात्र मला आता गोष्टींचे विषय सुचवते, त्यातले बरेच भयंकर असतात.

हे मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर लिहितेय, आजचा चौथा दिवस. कुठं टाकणार नाही, कुणाला वाचायला देणार नाही, कारण एक गोष्ट मी त्या खऱ्या गोष्टीतून गाळली आहे आणि ती आत्यालाही माहीत नाही. त्या रविवारी पडवीत ती सांगत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी सुपात पडत होतं. तेव्हा मी तिला थांबवून विचारलं, पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं की गळ्यापर्यंत. आत्याला वाटलं, पोरीला सोसवत नाहीये. तिनं माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, गळ्यापर्यंत. मला सोसवत होतं, आप्पा. मला ते लिहिण्यासाठी हवं होतं.